झेरॉक्समध्ये हरवलेला सूर्य

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आम्ही दोघे हिंगणघाटच्या एका शाळेत शिकवतो. एकजण विज्ञान, दुसरी चित्रकला. नववीच्या वर्गाला एका बंदराचे चित्र दाखवायचे आम्ही ठरवले होते. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे ‘इम्प्रेशन : सूर्योदय’ हे ते चित्र. त्याची एक बऱ्यापैकी रंगीत छापील प्रत आमच्याकडे होती, पण वर्गात मुले एक्केचाळीस. दोघांत एक तरी प्रत हवी म्हणून शाळेजवळच्या दुकानात एकवीस झेरॉक्स काढायला दिल्या. रंगीत प्रती काढणे परवडणारे नव्हते.

प्रती हातात आल्या आणि आम्ही चक्रावलो. पुढची होडी स्पष्ट होती, मागच्या डोलकाठ्या अंधूक का होईना दिसत होत्या, पण आकाशातला नारिंगी सूर्य, ज्याच्यासाठी चित्राला सूर्योदय म्हणायचे, तो जवळजवळ दिसेनासा झाला होता. निरखून पाहिले तर एक पुसट वळसा, बाकी सगळे राखाडी.

‘दादा, सूर्य कुठे गेला?’ आमच्यातल्या चित्रकलेच्या मॅडमनी विचारले.

‘मशीन बरोबर आहे जी, मॅडम. कालच टोनर भरला. तुमच्या कागदात तिथं काही असंल तर येईल ना!’

थोडी वादावादी झाली. त्यांनी दुसऱ्या मशीनवर काढून दाखवले, तेच. आम्ही पैसे देऊन कुरकुरत परतलो. संध्याकाळी मोबाइलवर त्या रंगीत प्रतीचा फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहिला. सूर्य तिथेही नव्हता. दुकानदाराचे म्हणणे खरे होते, आणि नुसते खरे नव्हते, तर त्या चित्राचे मर्मच त्यात होते. पुढे दोन आठवडे आम्ही वर्गात जे केले ते सगळे त्या बिघडलेल्या (म्हणजे न बिघडलेल्या) झेरॉक्सवरून सुचले. इतर शिक्षकांना त्याचा उपयोग होईल म्हणून हे लिहीत आहोत.

ज्यांनी चित्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन. चित्र मोठे नाही. ४८ सेंटिमीटर उंच, ६३ सेंटिमीटर रुंद, कॅनव्हासवर तैलरंगात. मूळ चित्र पॅरिसच्या मार्मोतां मोने संग्रहालयात आहे. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचे ल हाव्र हे बंदर, धुक्याची सकाळ. पाण्यावर तीन छोट्या होड्या तिरप्या रेषेत : पहिली गडद, दुसरी फिकी, तिसरी नुसती शंका यावी इतकी. मागे जहाजांच्या डोलकाठ्या, याऱ्या, धुराडी, सगळे निळ्या-करड्या धुक्यात विरघळलेले. वर उजवीकडे लालसर नारिंगी गोळा आणि त्याच्या खाली पाण्यावर त्याच रंगाचे तुटक आडवे फटकारे. बाकी काही नाही. माणसांचे चेहरे नाहीत, लाटा मोजता येत नाहीत, जहाजांची नावे वाचता येत नाहीत.

वर्गात पहिली प्रतिक्रिया एका मुलीची आली : ‘मॅडम, हे चित्र अपुरं आहे.’ तिला आम्ही शाबासकी दिली, कारण नेमके हेच पॅरिसच्या एका टीकाकाराने १८७४ साली लिहिले होते. त्या वर्षी एप्रिलात मोने आणि त्याच्या तीसेक सहकाऱ्यांनी सरकारी प्रदर्शनाला बगल देऊन नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचे प्रदर्शन भरवले. लुई लरुआ नावाच्या टीकाकाराने एका विनोदी पत्रात त्याची टर उडवली. भिंतीवर चिकटवायचा कागदसुद्धा कच्च्या अवस्थेत या समुद्रचित्रापेक्षा पुरा असतो, असा त्याचा सूर होता. चित्राच्या नावातला ‘इम्प्रेशन’ हा शब्द पकडून त्याने सगळ्या गटालाच ते विशेषण चिकटवले. थट्टेतले ते नाव पुढे रूढ झाले. मराठीत आपण त्याला दृक्प्रत्ययवाद म्हणतो. शब्द जड आहे, पण अर्थ चोख आहे : डोळ्यांना जो प्रत्यय आला तेवढाच कागदावर. चित्राची किंमत मात्र चांगलीच घसरली होती. पहिल्या खरेदीदाराने १८७४ मध्ये ८०० फ्रँक मोजले, चार वर्षांनी त्याचे दिवाळे निघाल्यावर लिलावात ते २१० फ्रँकला गेले.

आता प्रश्न असा येईल की हिंगणघाटच्या मुलांना ल हाव्रचे बंदर का दाखवायचे? आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. तो येथून सात-आठशे किलोमीटरवर आहे. आमच्या गावाच्या नावात ‘घाट’ आहे तो वणा नदीचा. पण या गावाचा आणि त्या बंदराचा एक धागा जुळतो, आणि तो अक्षरशः सुताचा आहे. ल हाव्र हे फ्रान्सचे कापसाचे प्रमुख बंदर होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद पडला आणि युरोपातल्या गिरण्यांनी भारताकडे तोंड वळवले. भारतीय कापसाच्या गाठी ल हाव्रलाही उतरू लागल्या. मध्य प्रांतातला ‘हिंगणघाट’ हा त्या काळी बाजारात नाव कमावलेला कापूस होता; इंग्लंडातल्या लिव्हरपूलच्या व्यापारात त्या नावाने तो ओळखला जाई. मुंबईहून येणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला आणि बैलगाड्यांचा लांबचा प्रवास संपला. जिनिंगमधून रुईची गाठ बाहेर पडताना आमच्या मुलांनी शेकडो वेळा पाहिली आहे. ती गाठ कुठे जात असे, हे त्यांना या चित्राच्या निमित्ताने प्रथमच कळले. चित्रातल्या त्या अंधूक याऱ्या आणि डोलकाठ्या मग नुसते ‘मागचे काहीतरी’ राहिल्या नाहीत.

मोने ल हाव्रमध्येच वाढला होता. हे चित्र त्याने बंदरासमोरच्या हॉटेलातल्या खोलीच्या खिडकीतून रंगवले. पण कोणत्या दिवशी? आणि खरेच सूर्योदय की सूर्यास्त? मावळतीचे चित्र असावे असेही मानणारे काही होते. डोनाल्ड ओल्सन या टेक्सासमधल्या खगोलशास्त्रज्ञाने हा प्रश्न गणिताने सोडवला आणि २०१४ मध्ये त्याचे उत्तर प्रसिद्ध झाले. त्याची रीत नववी-दहावीच्या मुलांना समजण्याजोगी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली पायरी दिशेची. जुने नकाशे आणि छायाचित्रे यांवरून हॉटेल कोठे होते व खिडकीतून काय कोणत्या दिशेला दिसे, हे ठरवता आले. चित्रकाराचे तोंड आग्नेयेकडे होते. म्हणजे हा सूर्य उगवतीचाच. आता सूर्य रोज एकाच जागी उगवत नाही. विषुवदिनी तो बरोबर पूर्वेला उगवतो, हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकतो, २२ डिसेंबरच्या सुमारास परत फिरतो. आमच्या हिंगणघाटला तो पूर्वबिंदूपासून जास्तीत जास्त २५ अंश दक्षिणेला जातो. ल हाव्र बरेच उत्तरेला असल्याने तेथे हेच अंतर ३८ अंशांच्या घरात असते. चित्रात सूर्य जिथे आहे तिथे तो वर्षातून दोनदाच येतो : जाताना नोव्हेंबरच्या मध्याला आणि येताना जानेवारीच्या शेवटी.

दुसरी पायरी उंचीची. सूर्य क्षितिजावर दोन ते तीन अंश आहे. हात लांब करून करंगळी आडवी धरली की तिची रुंदी सुमारे एक अंश भरते. दोन-तीन करंगळ्या म्हणा. ल हाव्रला एवढे वर यायला सूर्याला वीस ते तीस मिनिटे लागतात, कारण तिथे तो तिरपा चढतो. हिंगणघाटला तो बराच सरळ चढतो आणि तेवढीच उंची गाठायला त्याला साधारण पंधरा मिनिटे पुरतात. (आपल्याकडे संध्याकाळ झटकन संपते, युरोपात रेंगाळते, याचेही कारण हेच.)

तिसरी पायरी भरतीची. ल हाव्रला भरती-ओहोटीतला फरक मोठा आहे. मोठी शिडाची जहाजे भरतीच्या आसपासच्या थोड्या तासांतच आत-बाहेर करू शकत. चित्रात पाणी चढलेले आहे. म्हणून सूर्य योग्य जागी आणि त्याच वेळी भरती, अशाच सकाळी उरतात. चौथी पायरी हवामानाची : जुन्या नोंदींतून पावसाळी, वादळी दिवस गाळले, धुक्याचे ठेवले, आणि चित्रातल्या धुराचा कल वाऱ्याशी जुळतो का ते पाहिले. शेवटी दोन दिवस शिल्लक राहिले : १३ नोव्हेंबर १८७२ आणि २५ जानेवारी १८७३. चित्रावर मोनेच्या सहीपुढे ‘७२’ आहे. म्हणून १३ नोव्हेंबर १८७२, सकाळी सुमारे सात वाजून पस्तीस मिनिटे.

दिनदर्शिका घेऊन मोजा. १३ नोव्हेंबरपासून २२ डिसेंबर ३९ दिवस. २२ डिसेंबरपासून २५ जानेवारी ३४ दिवस. जवळपास सारखेच अंतर, जाताना आणि येताना. आमच्या वर्गात हे एका मुलाने आपण होऊन मोजले आणि तो तास विज्ञानाचा होता की चित्रकलेचा हे आम्हालाही सांगता येईना.

या गणितातून एक गोष्ट मात्र पक्की निघते. ज्या चित्राला लोकांनी अपुरे म्हटले, त्यात सूर्याची दिशा, त्याची उंची, पाण्याची पातळी आणि वाऱ्याचा कल इतका नेमका उतरला आहे की दीडशे वर्षांनी त्यावरून दिवस ठरवता येतो. मोनेने जहाजांचे दोर गाळले, प्रकाश गाळला नाही.

आता झेरॉक्सकडे वळू.

सूर्य रंगवणे ही चित्रकारापुढची अशक्य गोष्ट आहे. पांढरा रंग त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ८०-९० टक्के परत पाठवतो, काळ्यात काळा रंगही तीन-चार टक्के पाठवतोच. म्हणजे कॅनव्हासवरच्या सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या जागेत पंचवीस-तीस पटींपेक्षा फारसा फरक करता येत नाही. निसर्गात मात्र सूर्य आणि सावली यांत हजारो, लाखो पटींचा फरक असतो. धुक्यामागचा सूर्यही भोवतीच्या आकाशाहून कित्येक पट उजळ असतो. मग करायचे काय? जुन्या उस्तादांचा मार्ग असा की बाकीचे सगळे चित्र काळोखात बुडवायचे, म्हणजे थोडासा पिवळाही झगमगतो. मोनेने तसे केले नाही. त्याने सूर्याला आकाशाइतकाच उजळपणा दिला आणि फरक ठेवला फक्त रंगाचा.

हे नीट समजायला उजळपणा आणि रंग वेगळे करावे लागतात. ज्यांच्या घरी पूर्वी कृष्णधवल टीव्ही होता त्यांना हे लगेच कळेल : रंगीत प्रक्षेपण त्या टीव्हीवर येताना प्रत्येक रंगाचा करडा होत असे. हिरव्या प्रकाशाचा वाटा सुमारे ५९ टक्के, लालचा ३०, निळ्याचा ११, असे वजन देऊन तो करडा ठरवत, कारण सर्वसाधारण माणसाच्या डोळ्याला हे रंग जवळजवळ त्या प्रमाणात उजळ वाटतात. दोन अगदी वेगळे रंग असे मिसळता येतात की त्यांचा करडा सारखाच निघेल. मोनेचा नारिंगी सूर्य आणि त्यामागचे निळे-करडे आकाश ही अशीच जोडी आहे. हे मुद्दाम मोजून दाखवले ते हार्वर्डमधल्या मार्गारेट लिव्हिंगस्टन या मज्जाशास्त्रज्ञ बाईंनी. त्यांचे दृष्टी आणि चित्रकला यांवरचे पुस्तक २००२ मध्ये आले.

त्यांचे स्पष्टीकरण असे. डोळ्यांकडून आलेली माहिती मेंदू ढोबळमानाने दोन वाटांनी हाताळतो. एक वाट वस्तू कुठे आहे, किती दूर आहे, हलते आहे की स्थिर, हे पाहते. तिला रंग जवळजवळ कळत नाही, फक्त उजळपणातला फरक कळतो. दुसरी वाट वस्तू काय आहे, तिचा रंग कोणता, हे ओळखते. मोनेचा सूर्य दुसऱ्या वाटेला ठळक दिसतो. पहिल्या वाटेला तो दिसतच नाही. तिच्या दृष्टीने तिथे नुसते सपाट आकाश आहे. म्हणून सूर्य आहे हे कळते पण तो जागेवर ठरत नाही. तो थरथरतो, धडधडतो, जागचा सुटल्यासारखा वाटतो. चित्र काही वेळ पाहत राहा, म्हणजे हा अनुभव येईल. आमच्या एका विद्यार्थ्याने त्याला ‘सूर्य उकळतोय’ म्हटले. यापेक्षा चांगले वर्णन आम्हाला सुचलेले नाही.

एक सावधगिरी सांगतो. छापील प्रतींचे रंग एकसारखे नसतात. एखाद्या भडक प्रतीत सूर्य झेरॉक्समध्ये थोडा गडद किंवा थोडा फिका येईल. प्रत्येक यंत्र लाल रंगाला सारखेच वजन देते असेही नाही. तेव्हा दोन-तीन प्रती करून पाहाव्यात.

रंगाच्या फरकावरच सगळी भिस्त ठेवायची तर ते रंग एकमेकांना खुलवणारे हवेत. नारिंगी आणि निळा हे विरोधी रंग. ग्रेड परीक्षेला बसणारी मुले ही जोडी पाठ म्हणून दाखवतात, पण तिचे कारण त्यांना कोणी सांगत नाही. कारण शोधले एका रसायनशास्त्रज्ञाने, आणि तेही कापडाच्या धंद्यात. मिशेल शेव्हरल हा पॅरिसच्या गोबलँ या प्रसिद्ध विणकामशाळेत रंगखात्याचा प्रमुख होता. काळा रंग नीट उठत नाही अशी तक्रार विणकर करीत. त्याने तपासले तर रंगात दोष नव्हता. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा मळका दिसत होता. शेजारचा रंग आपल्या विरोधी छटेकडे दुसऱ्याला ढकलतो, हा नियम त्याने १८३९ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. त्या शतकातल्या अनेक चित्रकारांपर्यंत तो पोचला. वर्गात हे दोन मिनिटांत दाखवता येते : एकाच करड्या कागदाचे दोन सारखे चौकोन कापा, एक नारिंगी घोटीव कागदावर ठेवा, दुसरा निळ्यावर. नारिंगीवरचा निळसर आणि निळ्यावरचा उबदार दिसेल. मुले चौकोन उचलून एकमेकांवर ठेवून खात्री करतातच; करू द्यावी.

येथे एक नेहमीची चूक दुरुस्त करावीशी वाटते. अनेक पुस्तकांत लिहिलेले असते की दृक्प्रत्ययवादी चित्रकार शुद्ध रंगांचे ठिपके देत आणि ते प्रेक्षकाच्या डोळ्यांत मिसळत. ठिपक्यांचा तो हिशेबी प्रयोग जॉर्ज सराने १८८०च्या दशकात केला. मोनेचे फटकारे त्याहून मोठे आणि मोकळे आहेत. ते डोळ्यांत मिसळत नाहीत, वेगळे दिसतात, आणि वेगळे दिसावेत अशीच त्याची इच्छा आहे.

धुके कसे साधले? दूरच्या वस्तूकडून येणारा प्रकाश वाटेत विखुरतो आणि वाटेतल्या हवेतला विखुरलेला प्रकाश त्यात मिसळतो. त्यामुळे दूरची वस्तू आकाशाच्या रंगाकडे झुकते, गडदपणा गमावते. तीन होड्या हा त्याचा धडाच आहे; आकाराने नव्हे, करड्याच्या पायऱ्यांनी त्या दूर गेल्या आहेत. म्हणूनच झेरॉक्समध्ये होड्या टिकल्या आणि सूर्य गेला. ही गोष्ट आमच्या लक्षात आली तेव्हा आम्हाला खरा आनंद झाला : अंतर त्याने उजळपणाने दाखवले आणि सूर्य रंगाने, दोन्ही एकाच चित्रात. सूर्य नारिंगी का, ते पाठ्यपुस्तकात आहे. क्षितिजाजवळून येणारा प्रकाश हवेच्या लांब थरातून येतो, निळा भाग विखुरून जातो, तांबडा उरतो. पऱ्हाटी जाळण्याच्या दिवसांत वणेच्या पुलावरून जो तांबूस गोळा दिसतो तो याच कुळातला. मात्र मुलांना बजावून सांगावे की सूर्याकडे टक लावून पाहायचे नाही, धुक्यातूनसुद्धा नाही.

पाण्यावरचा नारिंगी पट्टा तेवढा राहिला. पाणी काचेसारखे स्थिर असते तर सूर्याचे एकच प्रतिबिंब दिसले असते. लहान लाटांचे हजारो उतार वेगवेगळ्या कोनांत कललेले असतात, आणि ज्या उतारावरून प्रकाश नेमका आपल्या डोळ्याकडे वळतो तेवढाच चमकतो. असे उतार आपल्यापासून सूर्याच्या दिशेने एका लांब पट्ट्यात सापडतात. म्हणून पट्टा नेहमी पाहणाऱ्याकडेच येतो. दोन माणसे शेजारी उभी असतील तर दोघांचे पट्टे वेगळे. अंधारात परातीत पाणी घेऊन पलीकडे मेणबत्ती लावा आणि पाण्यावर हलकी फुंकर घाला. मोनेने चमकणारा प्रत्येक उतार म्हणजे एक फटकारा, असा सरळ हिशेब केला आहे.

मराठी मुलखातली समुद्राची चित्रे पाहायची तर प्रल्हाद अनंत धोंड यांची जलरंगातली समुद्रचित्रे जरूर पाहावीत. ते मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेत शिकवत आणि पुढे तिचे अधिष्ठाता झाले. जलरंगात उजेड कागदाचा असतो. पाणी चमकवायचे तर ती जागा कोरी सोडावी लागते, सोडायची राहिली की गेली. मोनेचा सूर्य उलट शेवटी वरून दिलेला जाड रंगाचा थर आहे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर माध्यम बदलले की प्रकाश पकडण्याची युक्ती कशी बदलते ते मुलांना दिसते. आमच्या भागाला जवळचे दुसरे नाव सय्यद हैदर रझा यांचे. त्यांचे पहिले कलाशिक्षण नागपूरच्या चित्रकला शाळेत झाले. १९४३ मध्ये ते मुंबईला गेले. तेथे व्हिएन्नाहून नाझींमुळे परागंदा झालेले वॉल्टर लँगहॅमर हे चित्रकार ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कलासंचालक होते, आणि त्यांच्या घरी जमणाऱ्या तरुणांना ते या युरोपीय रंगदृष्टीची ओळख करून देत. त्या काळातली रझांची मुंबईची जलरंगचित्रे पाहिली की तो संस्कार ओळखू येतो.

शेवटी आम्ही मुलांना एक काम दिले. वणेवरची सकाळ तैलखडूंनी रंगवायची, आणि सूर्य असा रंगवायचा की चित्रात तो उठून दिसेल पण मोबाइलवर फोटो कृष्णधवल केला की नाहीसा होईल. वाटते तितके हे सोपे नाही. पिवळा वापरला की सूर्य आकाशाहून फिका येतो, लाल वापरला की काळा. मुलांनी खडूवर खडू घासून, फोटो काढून, पुन्हा घासून दोन तास झटापट केली. एक्केचाळिसांपैकी तिघांचा सूर्य नाहीसा झाला. मोनेजवळ मोबाइल नव्हता, ही आठवण एका मुलीने सगळ्यांना करून दिली.

एक चित्र वेगळे होते. ज्याचे ते होते तो मुलगा पहिल्या दिवशी रंगीत प्रत पाहून म्हणाला होता, ‘सर, सूर्य तर काळपट आहे, यात उगवल्यासारखं काय आहे?’ वर्ग हसला होता, आणि खरे सांगायचे तर आम्हीही त्याचे बोलणे खोडसाळपणाचे समजून पुढे गेलो. दुसऱ्यांदा तो तेच म्हणाला तेव्हा आमच्यातल्या विज्ञानाच्या सरांना शंका आली. घरच्यांशी बोलून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी इशिहाराचे ठिपक्यांचे तक्ते दाखवून तपासले. त्याच्या डोळ्यांना लाल रंगाची संवेदना कमी आहे. असा दोष आईकडून मुलाकडे येतो. शंभर मुलग्यांत काही जणांना असतोच, मुलींत तो फार विरळ. चौदा वर्षांत त्याला कोणी विचारले नव्हते आणि त्याला स्वतःलाही माहीत नव्हते. लाल-नारिंगी त्याला आपल्यापेक्षा मंद दिसतो, त्यामुळे मोनेचा सूर्य त्याच्यासाठी आकाशाइतका उजळ नाहीच. तो खोटे बोलत नव्हता, जे दिसले ते सांगत होता.

त्याने रंगवलेला सूर्य फिकट, जवळजवळ पिवळा होता. मोबाइलवर कृष्णधवल केल्यावर तो नाहीसा झाला नाही, आकाशाहून उजळ राहिला. पण तो म्हणतो, माझ्या डोळ्याला दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत मी घासले आहे, आणि आता तो मला उकळताना दिसतो. मोबाइलमधले वजन सर्वसाधारण डोळ्याचे आहे, त्याच्या डोळ्याचे नाही, हे विज्ञानाच्या सरांना मान्य आहे. म्हणून दिलेले काम त्याने पूर्ण केले असे ते म्हणतात. चित्रकलेच्या मॅडम म्हणतात, चित्र पाहणार वर्ग, गुण द्यायचे ते वर्गाला जे दिसते त्यावर. चित्र इतर तिघांच्या शेजारी फळ्यालगत लावले आहे. गुणांचा रकाना अजून कोरा आहे.